गिरणीवाल्या मामाजीच्या गोष्टीत माणूस कवाच वाचत नाई

पोट्टी कापसात गेली होती. पुरी आत. माह्या हाताले भाकरीचं पीठ, तवा तापून लाल, अन् मधल्या खोलीत आढ्यापर्यंत भरलेल्या कापसावरून माह्या पिऊची स्टीलची वाटी तेवढी घरंगळत खाली आली. वाटी आली, पोट्टी आली नाई. मी अशी किंचाळली का अर्धी गल्ली घरात घुसली. तिघं पँटी वर करून ढिगावर चढायले लागले, एकानं फावडं आणलं, एकानं मोबाईल काढला, सासूबाई छाती पिटून राह्यल्या, "माय वं, माही चिमणी!" अन् तेवढ्यात दारातून पायापासून भुवयांपर्यंत पिठानं पांढरा झालेला माणूस ओरडला, "थांबा! ढिगावर कोणी पाय ठेवू नका! लेकरू खाली दबून जाईन! आवाज बंद करा, मले ऐकू द्या!" फावडंवाला म्हणे, "मामाजी, बाजूले व्हा, हे काई तुमच्या गोष्टीतलं ताऱ्यावरचं विमान नाई!" अन् सारे माह्याकडे पाहायले लागले. लेकरू माहं. आमचे हे तं कापसाचा भाव पाहायले मलकापूरले गेलेले. आता मी कोणाचं ऐकू? ज्यानं आवाज बंद करा म्हटलं तो असा माणूस का साऱ्या पृथ्वीवर माणसाच्या जातीले त्याच्याइतकं मूर्ख समजणारा दुसरा सापडणार नाई.

ते कोण हे सांगतल्याशिवाय माही पंचाईत तुमाले समजणार नाई. गिरणीवाले मामाजी म्हणजे माह्या सासऱ्याचे दूरचे भाऊ; आमच्याकडे सासऱ्याले अन् त्याच्या भावाले सून मामाजीच म्हणते. गल्लीच्या तोंडाशी त्याईची पिठाची गिरणी. मी लग्न होऊन आली तवा पहिल्यांदा त्याईले पाह्यलं अन् घाबरली. पांढरे केस, पांढऱ्या पापण्या, कानातही पीठ, अन् त्या पिठातून दोन काळे डोळे चमकून राह्यलेले. गल्लीतले लेकरं म्हणतात मामाजी दुसऱ्या ग्रहावरचेच आहेत, इथं नुसते दळण दळायले ठेवले. कान तं असे का काय सांगू! एवढी गिरणी धडधडते, आपल्याले आपलं बोलणं ऐकू येत नाई, अन् हे पाठमोरे उभे राहून म्हणतात, "सूनबाई, तुह्या ज्वारीत खडा आहे." चाळून पाह्यलं तं खडा निघते! पीठ जाड पडून राह्यलं का बारीक, हे ते हात लावून पाहतच नाईत, मान तिरपी करून ऐकतात. जात्याची पाळ, म्हणजे दगड, कवा घासली तेही आवाजावरूनच सांगतात.

अन् या माणसाले नाद काय, तं गोष्टी लिहायचा. ताऱ्यावरच्या, यंत्राच्या, हजार वर्षं पुढच्या. रेघांची वही, अन् पेन गिरणीच्या खांबाले सुतळीनं बांधलेला, कारण आमच्या गावात सुटा पेन टिकत नाई. बाया डबे घेऊन नंबर लावून बसल्या का वाचून दाखवतात. मी आठवी शिकली, मले काय माहीत आकाशात काय असते. एका दिवशी मामाजी म्हणे, "सूनबाई, आज तुले जी चांदणी दिसते ना, तिचा उजेड तुह्या आजीच्या लग्नाच्याही आधी तिथून निघाला. आता ती तिथं आहे का विझली, कोणाले ठाऊक." मी पिठाचा डबा डोक्यावर घेऊन घरी आली अन् दिवेलागणीले अंगणात तशीच उभी राह्यली, डबा उतरवायचंही सुचलं नाई. सासूबाई म्हणे, "काऊन वं, मान आखडली का?" आता त्याईले काय सांगू का मान नाई, माहं सारं आंगच लहान झालं.

पण त्या गोष्टीत माणूस कवाच वाचत नाई हो! एका गोष्टीत ताऱ्यावरचं विमान मलकापूरच्या बाजाराच्या मैदानात उतरते, आतले लोक म्हणतात आमी तुमाले साऱ्या विश्वाचं ज्ञान द्यायले आलो, तं गर्दीतला पहिला माणूस इचारते, "ॲव्हरेज किती देते?" दुसऱ्या गोष्टीत ते मरण टाळायचं औषध आणतात, एकच बाटली, सगळ्याईले पुरणारी, पण पहिला नंबर कोणाचा यावर अशी ओढाताण होते का बाटली फुटते अन् औषध मुंग्या पिऊन जातात. आता दुनियेत अमर कोण, तं मुंग्या. तिसऱ्यात माणूस इचार करायचं यंत्र बनवते, अन् शंभर वर्षांनं त्या यंत्रालेच इचारते का भाकर कोणीकडून तोडू. अन् कापसाची गोष्ट तं आमच्याच गावची. ताऱ्यावरचे लोक दुर्बिणीतून पाहतात का घरात, सावलीत, चांगल्या खोलीत कापूस झोपला आहे, अन् माणसं बाहेर ओसरीत डास मारून राह्यले. ते आपल्या वहीत लिहितात, "या ग्रहाचा मालक कापूस. दोन पायाचा प्राणी त्याचा राखणदार." हसून हसून आमचे पोटं दुखले, अन् घरी येऊन पाह्यलं तं आमच्याही चांगल्या मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस, अन् आमच्या गाद्या ओसरीत.

प्रत्येक गोष्टीचा शेवट एकच. मामाजी वही मिटतात, चष्म्यावरचं पीठ फुंकतात अन् म्हणतात, "अन् माणूस तिथंच चुकला." कधी कधी ऐन रंगात गिरणी बंद पाडतात, म्हणजे पृथ्वी बुडताना नीट ऐकू यावं. मंग बाया ओरडतात, "मामाजी, आधी ज्वारी दळा, मंग माणूस बुडवा!" आमच्या शेजारची शबानाभाभी, जिचा सासरा गाद्यांचा कापूस पिंजायचा, ती एकदा म्हणे, "मामाजी, तुम्हारी कहानी में औरतां किधर हैं? सारे बुद्धू मर्दच?" मामाजी म्हणे, "भाभी, मूर्खपणा दाखवायचा तं मर्दच लागते. बाईले घेतलं तं गोष्ट बिघडन, ती काई तरी करून लेकरं वाचवन." भाभी इतकी खूश झाली का तिनं नंबर सोडून दिला.

मले मात्र त्या गोष्टीची भीतीच वाटे. पिऊ पोटात होती तवा तं मी रडलीच एकदा. म्हटलं, "मामाजी, एखाद्या तरी गोष्टीत वाचवा ना माणसाले!" ते गिरणीच्या पट्ट्याकडे पाहत म्हणे, "कसा वाचवू सूनबाई? मी बनवून नाई लिहीत, इथं उभं राहून पाह्यतो. एवढ्या वर्षात चार माणसं एका जागी गप्प बसून ऐकताना मले दिसले नाईत. जो ऐकतच नाई, तो वाचन कसा?" अन् त्याईनं हे अशा तोंडानं सांगतलं, जसं घरातल्या कोणाचं दुखणं सांगून राह्यले. मले तवा समजलं का हा माणूस माणसावर चिडलेला नाई. हा वाट पाहून राह्यला.

तं तो माणूस माह्या दारात उभा, अन् मी मधात. चढू देऊ का थांबवू? चढले तं लवकर काढतीन, पण दबली तं? अन् तेवढ्यात सासूबाई रडता रडता थांबल्या अन् माह्याकडे वळून म्हणे, "पण काऊन वं, एवढ्या उंच ती चढली कशी? तिचा पाय तं उंबऱ्यावर पुरत नाई!"

अन् मी ओरडली. "गप्प बसा! सारे गप्प बसा! मामाजीले ऐकू द्या!"

माहा आवाज मलेच ओळखू आला नाई. अन् बाप्पा, काय सांगू! सारे गप्प झाले. चढलेले जिथल्या तिथं हळूच खाली उतरले. फावडं भिंतीले टेकलं. मोबाईलवाल्यानं मोबाईल खिशात घातला. ओसरीत, अंगणात, फाटकाबाहेर, मागून येणाऱ्याले पुढचा तोंडावर बोट ठेवून दाखवे अन् तोही थांबे. सासूबाईनं पदर तोंडात कोंबला. आमच्या गल्लीत एवढी शांतता मी कवाच ऐकली नाई, मयतीतही नाई. तव्यावर पीठ जळल्याचा वास तेवढा येऊन राह्यला होता. मामाजीनं मान तिरपी केली, डोळे मिटले. मले वाटलं माहं काळीजच एवढं वाजून राह्यलं का त्याईले दुसरं काई ऐकू यायचं नाई. मी दोन्ही हात छातीवर दाबून धरले.

"उचकी," मामाजी हळूच म्हणे. "लेकराले उचकी लागली. मागच्या भिंतीजवळ, खाली. ढीग अन् भिंतीच्या मधात फट आहे, त्याच्यात घसरली."

मंग शबानाभाभी पुढं झाली. "पाय नको, फावडं नको. हातां से निकालो, बाजू से, और बाहर देते जाओ." अन् जे लोक दळणाच्या नंबरावरून भांडतात, ते खोलीपासून फाटकापर्यंत रांगेत उभे राह्यले अन् एकाच्या कवेतून दुसऱ्याच्या कवेत कापूस बाहेर जायले लागला. कोणी बोलेना. भाभी खांद्यापर्यंत आत गेली, मंग कमरेपर्यंत, अन् तिनं ओढून काढली तं माही पिऊ नोहेच, कापसाची बाहुली. ओठ निळे. भाभीनं तोंडात बोट घालून कापूस काढला, पालथी धरून पाठीत दोन थापट्या मारल्या, अन् पिऊ अशी रडली, अशी रडली! ते रडणं ऐकून साऱ्याईले एकदम तोंड फुटलं. कोण हसते, कोण रडते, फावडंवाला तं देवाचं अन् मामाजीचं नाव एकातच घेऊन राह्यला. मामाजी उंबऱ्यावर बसले होते. पिठाच्या गालावरून दोन ओल्या रेघा उतरलेल्या. "सारे गप्प बसले, सूनबाई," म्हणे. "पाह्यलं तुनं? एकूण एक गप्प बसले." पोट्टी वाचली याच्यापेक्षा त्याईले याचंच नवल का काय, असं मले वाटलं. पण नाई, दोन्ही एकच होतं त्याईच्यासाठी.

आता मी तुमाले ते सांगते जे म्या कोणाले सांगतलं नाई. पिऊ चढली नाई. म्याच बसवली होती. भाकरी करताना चुलीजवळ येते, भाजन, म्हणून म्या तिले वाटी-चमचा देऊन माहा हात पुरला तेवढ्या उंच कापसावर बसवलं. म्हटलं, मऊ आहे, पडली तरी लागणार नाई. सासूबाईनं तीनदा बजावलं होतं का कापसाच्या खोलीत लेकरू नेऊ नको. अन् मी ओरडली ते मामाजीवर भरवसा होता म्हणून नाई. सासूबाईच्या तोंडून तो सवाल आला अन् मले एवढंच सुचलं का आता पुढं कोणी बोलू नये. बस. पोट्टी खाली दबलेली, अन् माही अक्कल इतकीच. नंतर घाईगर्दीत तो सवाल पुन्हा कोणी इचारलाच नाई.

परवा दळण घेऊन गेली तं मामाजीनं गिरणी बंद केली. वही काढली. म्हणे, "सूनबाई, आयुष्यात पहिल्यांदा माणूस वाचलेली गोष्ट लिहिली." वाचून दाखवली. ताऱ्यावरचे लोक पृथ्वी विझवायले आले, बटनावर हात ठेवला, अन् तेवढ्यात खाली एक साधी बाई, जिचं लेकरू हरवलं, ती साऱ्या दुनियेले म्हणते, गप्प बसा, ऐका. अन् सारी दुनिया ऐकते. बटनावरचा हात मागं जाते. वाचताना त्याईचा आवाज लहान लेकरासारखा झाला होता. मंग सुतळीचा पेन उचलून म्हणे, "शेवटची एक ओळ राह्यली. ताऱ्यावरचे लोक तिले इचारतात, बाई, एवढ्या भीतीत तुले हे शहाणपण सुचलं कसं? तिचं उत्तर मले बनवून लिहायचं नाई. ते तुह्याच तोंडचं पाहिजे. खरं खरं सांग."

बाया डबे घेऊन बसलेल्या, पिऊ माह्या कडेवर, मामाजीच्या पांढऱ्या पापण्या माह्याकडे लागलेल्या, अन् पेनाचं टोक वहीवर टेकलेलं. एवढ्या वर्षात त्या माणसाले साऱ्या मनुष्यजातीत एक शहाणं सापडलं, अन् ते म्हणजे मी. खरं सांगू तं त्याईची ती एकच गोष्ट मोडते, नाई सांगू तं एवढ्या चांगल्या माणसाच्या वहीत माह्या हातानं खोटं जाते. सांगा, तुमी असते तं काय केलं असतं?