अजून मुंग्या येतायत!

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही सुमनला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी भोरला शाळेत शिकवते. मध्यंतरी एका रविवारी सकाळी चहा घेऊन बसले होते आणि मोबाईलवर लहानपणची मालिका सापडली. जादूच्या बेटावर हरवलेल्या दोन बहिणी घराची वाट शोधतात — थोरली, आणि धाकटी केतकी. एवढीच गोष्ट, पण तेव्हा जीव टांगणीला लागायचा. आता बघते तर समुद्र म्हणजे चक्क चादर, आणि राक्षसाची मिशी एका बाजूनं सुटलेली. खूप हसले. मग सुमन आठवली आणि हसू गेलं.

सुमन माझी चुलत बहीण, वर्षानं धाकटी. वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या पायथ्याला आमची वाडी. टीव्ही एकच, ओढ्यापलीकडं गुरुजींच्या घरी. डोंगराआड असल्यामुळं चित्र कमी आणि मुंग्याच जास्त. परसात बांबूवर अँटेना होती. तो बांबू सिंहगडावरच्या टीव्ही टॉवरच्या अंगाला वळवून कुणीतरी धरून उभं राहायचं, सोडला की मुंग्या. रविवारी सकाळी गुरुजींच्या घरचे शेतावर, जाणाऱ्या आम्ही दोघीच, मग धरणार कोण? धाकटी. मी आतून ओरडायचे, "अजून मुंग्या येतायत!" ती बाहेरून विचारायची, "आता गं, आक्का?" परतताना वाटेत मी तिला सगळा भाग सांगायचे.

इथवर ठीक आहे ना? थोरलीची एवढी दादागिरी चालते, असं तुम्ही म्हणाल. मीही बरीच वर्षं इथवरच सांगत आले.

एका शनिवारी गुरुजींनी तो बांबू गोठ्याच्या खांबाला तारेनं आवळून बांधला. मला म्हणाले, "आता धरायला नको कुणी." सुमन तेव्हा तिथं नव्हती. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी परसात गेली. तार बघून म्हणाली, "ही कशाला?" मी म्हणाले, "वाऱ्यानं पडू नये म्हणून. तू धर." आत येऊन बसले. चित्र लख्ख होतं. आणि मी ओरडले — अजून मुंग्या येतायत!

मालिका संपेपर्यंत, अख्खा पावसाळा, ती डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन बांधलेला बांबू धरून उभी राहिली.

का केलं असं? सुमन हुशार होती, बोलकी होती, घरात सगळे तिचं ऐकायचे. माझं कुणी ऐकायचं नाही. ओढा ओलांडून घरी जाईपर्यंत ती मात्र माझं ऐकायची. तिनं स्वतः बघितलं असतं तर मी सांगितलं काय असतं? हे कारण झालं. सबब नव्हे.

शेवटच्या रविवारी दोघी बहिणी घरी पोचल्या. मी बाहेर आले. सुमन भिजून काकडली होती. "पोचल्या का गं?" म्हणाली. पोचल्या म्हटलं असतं, तर ती उड्या मारत पुढं पळाली असती, आणि माझी गोष्ट तिथंच संपली असती. म्हणून मी म्हणाले, थोरली पोचली. केतकी बेटावरच राहिली.

घरापर्यंत तिनं माझा हात सोडला नाही. मला ते आवडलं. हे लिहितानाही लाज वाटते, पण आवडलं.

मुलगी झाली तेव्हा सुमननं तिचं नाव केतकी ठेवलं. बारशाला माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तिकडं ऱ्हायली ती. हितं तरी येऊ दे." मी घुगऱ्या वाटायला उठले.

आता गेल्या महिन्यात ती दाताच्या डॉक्टरकडं म्हणून भोरला आली, दोन दिवस राहिली. मी मटार सोलत होते. तिनंच मोबाईल उचलला. पहिल्यांदा ती मालिका डोळ्यांनी बघत होती — सुजलेला गाल धरून, लहान पोरीसारखी. "असं दिसायचं व्हय हे? म्या नुसतं आयकलंय गं!" शेवटच्या भागाच्या आधी मी मोबाईल काढून घेतला. म्हणाले, शेवटचा न्हाई यात. तिनं मान हलवली, आणि संध्याकाळच्या एसटीनं गेली.

चार दिवसांनी फोन आला. तिच्या केतकीनं शोधून दिला होता तो भाग.

"आक्का, आली की गं ती माघारी! आईनं पोटाशी धरलं तिला!" सुमन हसत होती, रडत होती. मग तीच म्हणाली, "तुला तवा दिसलं नसंल. लई पाऊस हुता त्या दिशी. माजाच हात हालला असंल."

सांगायची वेळ तीच होती. यापेक्षा सोपी वेळ कुणाला मिळते?

मी म्हणाले, "व्हय, असंल."

त्या दिवशी चित्र लख्ख होतं. आईनं जवळ घेतलं तेव्हा केतकीच्या रिबिनीची गाठसुद्धा मला दिसत होती.