शाकारलेली बग्गी

बिनकामाच्या वस्तूंना जीव लावणारा, आणि त्यापायी भल्याभल्यांचा जीव आपल्यावर जडवून घेणारा माझ्या धाकट्या साडूसारखा दुसरा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात झाला नाही. मी हे कौतुकानं म्हणतोय असं कुणी समजू नये. मी त्याचा हेवा करतो. पत्रिका जुळवून, कांदेपोहे खाऊन, रीतसर झालेला मी थोरला जावई. डोंबिवलीच्या सासुरवाडीत माझा पाट ठरलेला, पाटाभोवतीची रांगोळी ठरलेली. अशात मेहुणीनं कोलशेतकडच्या खाडीकाठच्या एका कोळ्याच्या मुलाशी प्रेमविवाह केला. आमचे सासरे, म्हणजे आप्पा, जन्मभर शाळेत गणित आणि शास्त्र शिकवलेले. ते वर्षभर लेकीशी बोलले नाहीत. मी त्यांची समजूत घालायचो आणि मनातून सुखी असायचो. मग दिवाळसणाला हा गृहस्थ आमच्या शुद्ध शाकाहारी सासुरवाडीत हातात जिवंत खेकड्यांची पिशवी घेऊन उभा राहिला. सासूबाई किंचाळल्या. संध्याकाळी त्याच सासूबाई त्याच्या ताटात आग्रहानं करंज्या वाढत होत्या, आणि माझी वाटी रिकामी आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तो एका कंपनीत मेंटेनन्सला होता. साल आठवत नाही, पण ऐंशीच्या दशकातच कधीतरी त्याला माजिवड्याच्या एका भंगारवाल्याकडे ती वस्तू दिसली. ड्यून बग्गी म्हणे. वाळूत उडवायची मोटार. दारं नाहीत, छप्पर नाही, पुढून बेडकासारखे डोळे वर आलेले. त्यातही इथे मोटार नव्हतीच. इंजिन नाही, चाकं नाहीत, नुसती फायबरग्लासची एकसंध नारिंगी बॉडी, एका कडेनं चेचलेली, तळाला स्टिअरिंग, पेडल, गिअर यांच्यासाठी पाडलेली भोकं. भंगारवाला सांगे की सिनेमात हिरोनं चालवलेली आहे. माझा साडू त्यावर विश्वास ठेवून ती हातगाडीवर घालून घरी घेऊन आला. मी स्वच्छ विचारलं, "इंजिन कुठाय?"

"येल ना भाऊ," तो म्हणाला. "आधी घर बांदायचा, मंग पावना बोलवायचा."

पुढची काही वर्षं त्याचं घर रेझिनच्या, म्हणजे फायबर जोडायच्या चिकाच्या, उग्र वासानं भरून गेलेलं होतं. सुट्टीच्या दिवशी तो बॉडी उलटी करून तिच्या पोटाशी बसे. कुणीही सोम्यागोम्या वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग फासून मोकळा झाला असता. हा आतून काचेच्या धाग्यांची मॅट लावणार, तिच्यावर ब्रशनं रेझिन थोपटणार, बुडबुडा दिसला की सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. "जखम बुजते ती आतून," म्हणायचा. मग घासकाम. त्या काचेच्या भुकटीनं सगळ्या गोतावळ्याला खाज सुटली. त्याच्या घरी जाऊन आलं की मी ऑफिसात फायली सोडून पाठ खाजवत बसे, आणि ही खाज नुसती भुकटीची नाही हे मला ठाऊक होतं. कारण बायको रोज म्हणे, "बघा, हाताला कसा छंद आहे! नाहीतर तुम्ही." मी हप्त्यावर नवीकोरी स्कूटर घेतली होती, चालणारी, इंजिनासकट. तिचं कुणाला काही नाही. आप्पांना मी मागे बसा म्हटलं तर त्यांनी चष्मा पुसत सांगितलं, "जावईबापू, माणसानं दोन चाकांवर बसावं अशी निसर्गाची इच्छा दिसत नाही." ते बाजारातसुद्धा चालत गेले.

बग्गी ठेवायची कशी, तर होडीसारखी. त्याला दुसरं काही येतच नव्हतं. पावसाळ्याआधी होड्या वर ओढून, खाली ओंडक्यांचा आधार देऊन, वरून झावळ्यांनी शाकारून ठेवतात; हिलाही त्याच रांगेत तसंच शाकारलेलं. टेकू चहूकडून सारखे हवेत, नाहीतर फायबर एका अंगाला बसतं आणि मग सरळ होत नाही, असं तो मला समजावून सांगे. नारळी पौर्णिमेला त्याची आई सगळ्या होड्यांना हळदकुंकू लावी, तेव्हा बग्गीच्या बेडूकडोळ्यांमध्येही एक बोट टेकवी.

तिथेच घोटाळा झाला. सणाच्या आदल्या दिवशी साडू पाळीवर असताना त्याच्या दोघा काकांनी बग्गीची पूजेसाठी साफसफाई काढली आणि त्यांना तळातली भोकं दिसली. जन्म पाण्यावर गेलेली माणसं ती. भोक उघडं ठेवून त्यांना घास गिळवला नसता. पोराचंच रेझिन, पोराचीच मॅट घेऊन त्यांनी प्रत्येक भोक आतून-बाहेरून असं बुजवलं की मुंगी शिरायची नाही.

"होरीला भोक कुनी ठेवतं काय रं? बुरला असतास ना!" होडीला भोक ठेवल्याबद्दल थोरल्या काकांनी उलट त्यालाच झापलं.

ही बातमी मला मेहुणीकडून कळली आणि खोटं कशाला सांगू, मला गुदगुल्या झाल्या. इतक्या वर्षांची मेहनत, आणि आता तिच्यात ना स्टिअरिंग बसणार ना गिअर! रविवारी मी सांत्वनाला निघालो. सांत्वनाला पेढे नेता येत नाहीत म्हणून केळी नेली.

खाडीवर पोचलो तर काठावर ही गर्दी. भरतीच्या पाण्यात बग्गी तरंगत होती. दोन्ही काका दोर धरून उभे, साडू छातीभर पाण्यात तिची कड सांभाळतोय, आणि बग्गीत, पांढरं धोतर, काळी टोपी, ताठ कणा, आमचे आप्पा!

"आप्पा, अहो तुम्ही?" मी ओरडलो.

"जावईबापू, तरंगते आहे!" आप्पा लहान मुलासारखे हसत होते. "प्लवनाचा नियम जन्मभर फळ्यावर शिकवला, बसून आज पाहिला!"

"आप्पा, डावीकर झुकू नका!" साडू खालून ओरडला.

"तू धरलं आहेस ना रे? मग झालं."

हातात केळी घेऊन मी काठावर उभा होतो. त्या दिवशी झाला तितका माझा जळफळाट आयुष्यात दुसऱ्या कशानं झाला नाही.

आप्पा जाऊनही आता बराच काळ लोटला. मध्यंतरी साडूच्या कुणा मित्रानं खरंच एक इंजिन देऊ केलं. भोकं पुन्हा पाडायला ड्रिलचं तासाभराचं काम. हा नको म्हणाला. मी कारण विचारलं तर झावळ्या सारख्या करत खाली मान घालून म्हणाला, "नको भाऊ. आप्पा बसलेले ना तिच्यात."

यंदा पावसाच्या तोंडावर शाकारायला मी मदतीला गेलो. तो चहा आणायला आत गेला तसा मी आजूबाजूला पाहून हळूच बग्गीत चढलो आणि आप्पा बसले होते तसा ताठ बसलो. तो कप घेऊन बाहेर आला. मला वाटलं, हसेल. हसला नाही.

"भरती हाय," तो म्हणाला. "ओढू काय पान्यात? मी धरतो."

मला हो म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं.

"नको रे, पँट भिजेल," मी म्हणालो.

त्यानं कप माझ्या हातात दिला. चहा पिताना मी समोरच्या पाण्याकडे बघत बसलो, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला साडूचा नाही, आप्पांचा हेवा वाटला.