आत्याची गोधडी आणि माझा जळफळाट

मी माझ्या वहिनीवर जळते.

आज आत्याला जाऊन वर्ष झालं आणि आजच्या दिवशी असलं काही लिहू नये, हे मला कळतं. पण आत्याबद्दल लिहायला बसले की वहिनी मधे येतेच. आत्या होती तेव्हापण यायची.

आत्या म्हणजे माझ्या पप्पांची मोठी बहीण. सटाण्याला दिलेली. तिचे मिस्टर गेल्यावर नाशिकला आली, सिडकोत, आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर.

दुपारी खिडकीपाशी सतरंजी टाकून गोधड्या शिवायची. हाताने. शिलाई मशीन होतं घरात, त्याच्यावर टीव्ही ठेवलेला.

तिला हे आजीने शिकवलेलं. आजीला तिच्या आईने.

म्हणजे पुढचा नंबर माझा. घरात मुलगी मी एकटीच.

शिकायला बसायचे की मी! आत्या धावदोरा दाखवायची. मला त्या जुन्या साडीच्या काठाचा फोटो काढायचा असायचा. फोटो काढताना कुणाचा तरी मेसेज दिसायचा. कुणीतरी गंगापूर डॅमला निघालेलं असायचं.

"जा बाई," आत्या म्हणायची. "तुझं बूड आणि जमीन, दोघांचं काही पटत नाही."

मग मी एस.वाय.ला कॉलेज सोडलं. इगतपुरीला एका होमस्टेमध्ये काम केलं. (तिथला पाऊस हा वेगळाच विषय आहे. कपडे आठवडाभर वाळत नाहीत. एकदा माझ्या बुटात बेडूक निघाला. असो.) मग हंपी, मग घरी, मग परत कुठेतरी.

मधल्या काळात दादाचं लग्न झालं.

वहिनी सटाण्याची. पहिल्याच आठवड्यात तिचं आणि आत्याचं अहिराणीत सुरू. "आठे बस वं," आत्या म्हणायची, आणि ही शेजारी बसायची. चार-चार तास.

मला त्यांचं अर्धंच कळायचं. दोघी हसल्या की वाटायचं, माझ्यावरच हसतायत.

एकदा विचारलं. खरंच माझ्यावरच हसत होत्या.

त्या दिवाळीत आत्याने तिला आजीचं अंगुस्तान दिलं. सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ना, ते पितळी टोपण. आजीच्या बोटाने आतून गुळगुळीत झालेलं.

मी म्हटलं, मला का नाही?

"तू हरवशील गं."

त्या वर्षात मी दोन फोन, एक हेल्मेट आणि दादाची पॉवरबँक हरवली होती. तरीपण.

मग मी एकदा इरेला पेटले. मैत्रिणीला बाळ झालं होतं. मोबाईलवर व्हिडिओ बघून जुन्या ओढण्यांचं दुपटं शिवलं. 'व्हिंटेज' म्हणून फोटो टाकला, लाईक्स भरपूर. ऐटीत आत्याकडे घेऊन गेले.

तिने वरून बघितलंच नाही. उलटं केलं आणि तळहात फिरवला.

"गाठी मारल्यास?"

दोरा संपला की गाठ मारायची, एवढं तर कुणालाही कळतं, मी म्हटलं.

बाळाच्या दुपट्याला गाठ नसते. बाळाच्या पाठीला टोचते. शेवटाला दोन उलटे टाके घेऊन दोरा कापडातच जिरवायचा. हे आमच्या घरातल्या बायकांना पिढ्यान् पिढ्या माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं.

वहिनीने दुपटं मांडीवर घेतलं आणि गप्पा मारता मारता एकेक गाठ सोडवली.

"हिला कधी सांगावं नाही लागलं," आत्या म्हणाली.

त्यानंतर मी दोन महिने खालच्या मजल्यावर गेले नाही. ते दोन महिने मला आता हवेत.

आत्या गेली तेव्हा मी गोकर्णला होते. वहिनी तिच्याजवळ होती. असणारच.

मी पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. खिडकीपाशी अर्धी गोधडी पडलेली, वर आजीची हिरवी इरकल साडी लावलेली. सुई तशीच खोचलेली.

घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं, ही आता वहिनी पूर्ण करणार. मला ती हवी होती. आजी, आत्या, आणि मग मी, असं एकदा तरी व्हायला हवं होतं. पण मागू कोणत्या तोंडाने? मला येतच नाही.

वहिनीने ती कपाटात ठेवली आणि वर्षभर हात लावला नाही. त्याचाही मला राग यायचा. येतंय तर शिव ना.

आज सकाळी वर्षश्राद्ध झालं. पानं उठल्यावर वहिनी आली आणि गोधडी माझ्या मांडीवर ठेवली.

"पूर्वा, ही तू शिव."

मी म्हटलं, चेष्टा करू नको. माझा टाका तू बघितलायस.

"बघितलाय, म्हणूनच देतेय," ती म्हणाली. "माझा टाका आत्यांसारखाच पडतो. मी शिवली तर आत्या कुठे थांबल्या ते कुणाला कळायचंच नाही."

आणि भांडी घासायला निघून गेली.

आत्या माझी. माझ्या रक्ताची. आणि हे मला नाही, तिला सुचलं. आत्याची आठवण काढणंसुद्धा हिलाच जास्त जमतं!

मी खूप रडले. थोडं आत्यासाठी, बाकीचं जळून.

संध्याकाळपर्यंत वीतभर शिवलीये. आत्याचे टाके तांदळाच्या दाण्यांसारखे, एका मापाचे. त्याच्यापुढे माझे, कुठे लांब, कुठे आखूड, ओळ सोडून वर चढलेले.

आंधळ्यानेसुद्धा बोट फिरवलं तर सांगेल, आत्या इथपर्यंत होती.

आत्या, तुला नमस्कार करते गं.