आधी न येणाऱ्या गाड्या

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत मिळून चाचांच्या कानांइतके तल्लख कान दुसऱ्या कोणाचे असतील असे मला वाटत नाही. आणि ते कान आता गेले, असे चाचांना दीड वर्ष वाटत राहिले ते केवळ माझ्यामुळे. ही गोष्ट मी घरात कधी सांगितली नाही, कचेरीत तर नाहीच. लिहायला बसलो की चाचांचा एखादा विक्षिप्तपणा आठवतो, हसू येते आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. आजही तसेच होईल. तरी सुरुवात करतो.

चाचा माझे नातलग नव्हेत. ते अख्ख्या भोरचे चाचा. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून गाड्यांची नावे पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. गाडी नजरेस पडण्याआधीच, उत्रोलीच्या बाजूने येणाऱ्या इंजिनाच्या आवाजावरून ती कोणती आणि चालवणारा कोण, हे ते सांगत. "ह्यो दुसऱ्या गिअरमधी लई रेंगाळतो. नवा गडी हाय," असे म्हणून गाडी फलाटाला लागण्यापूर्वीच त्या नव्या गड्यासाठी ते चहा सांगून ठेवत. पण त्यांची खरी ख्याती वेगळ्याच कारणासाठी होती. इतर स्टँडांवर आधी सुटणाऱ्या गाड्या पुकारतात. चाचा आधी न येणाऱ्या गाड्या पुकारत. रद्द झालेल्या, घाटात बंद पडलेल्या, कुठे अडकून बसलेल्या, अशा सगळ्यांची नावे झाल्यावरच धडधाकट गाड्यांचा नंबर लागे. एका वरिष्ठांनी त्यांना टोकले होते म्हणतात, की चाचा, सकाळी सकाळी ही काय अभद्र सुरुवात. चाचा म्हणाले, "साहेब, जी सुटणार हाय ती दिसतीया की समद्यांना. जी येणार न्हाई, तिच्यासाठी एखादी म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असती. तिला आधी सांगाया नको व्हय?" वरिष्ठांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

निवृत्तीनंतर ते आमच्या संस्थेत आले. संस्था लहान. भातखाचरांची आणि डोंगरातल्या झऱ्यांची ड्रोनने टिपलेली छायाचित्रे जोडून वाडीवाडीचे नकाशे करायचे आणि ते त्या त्या वाडीच्या हातात द्यायचे, एवढेच आमचे काम. ही जोडणी कचेरीतल्या संगणकांना झेपणारी नव्हती. म्हणून एकेका वाडीचे एकेक काम संध्याकाळी क्लाऊडवर, म्हणजे दूर कुठेतरी असलेल्या मोठ्या संगणकांवर, पाठवून द्यायचे, आणि सकाळी प्रोग्रामकरवी विचारायचे, की कोणते अजून रांगेत आहे, कोणते चालू आहे, कोणते पुरे झाले आणि कोणते मध्येच बंद पडले. प्रोग्राम लिहिणे माझ्याकडे आणि वाड्यांची नोंदवही चाचांकडे होती. अशी विचारणा करण्याच्या सोयीला एपीआय म्हणतात, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी मोठ्या तयारीने समजावू लागलो. चाचांनी थोडा वेळ ऐकून घेतले आणि म्हणाले, "चौकशीची खिडकी." माझे व्याख्यान तिथेच संपले.

फिल्टर त्यांना याहून लवकर कळला. शेकडो कामांच्या यादीतून हव्या त्या तालुक्याची, हव्या त्या अवस्थेतली कामे तेवढीच गाळून मागता येतात, असे मी म्हणताच ते उत्तरले, "म्हंजी खिडकीशी जाऊन नुसतं 'गाड्यांचं सांगा' म्हणायचं न्हाई. 'वेल्ह्याच्या, बंद पडलेल्या,' असं नीट बोलायचं." मात्र त्या खिडकीची एक खोड ऐकून ते मनापासून दुखावले. कोणत्या अवस्थेतली कामे हवीत हे न सांगता यादी मागितली, तर ती फक्त चालू असलेली कामे दाखवते. बंद पडलेली कामे तसे सांगूनच मागावी लागतात. आणि आठवडाभरात मागितली नाहीत, तर ती त्यांची नोंदही टाकून देते. चाचांनी नोंदवही मिटली. मग म्हणाले, "असली कसली खिडकी, साहेब? जो पडला त्याचं नाव इचारल्याबिगर घेत न्हाई? हिला आमच्या स्टँडवर एक दिस बी ठेवली नसती."

तेव्हापासून आमच्या कचेरीची सकाळ त्यांच्या नियमाने सुरू होऊ लागली. चाचा टोपी सारखी करून, नोंदवही डाव्या हातावर घेऊन उभे राहत. बसून यादी घेणे त्यांना अप्रशस्त वाटे. शिवाय आमच्याकडच्या खुर्च्यांना चाके होती, आणि "चाकावर बसलं की तिकीट काढावंसं वाटतं" हे त्यांचे म्हणणे होते. मी आधी बंद पडलेली कामे मागवायची, एकेक नाव वाचायचे. चाचांनी ते नाव स्टँडवरच्या आवाजात पुन्हा उच्चारायचे आणि त्याभोवती लाल गोल करायचा. मी जात्याच हळू बोलतो. माझे बोलणे घरच्यांनाही दुसऱ्यांदा विचारावे लागते. चाचांनी मात्र मला कधीही "काय म्हणालात?" असे विचारले नाही. उलट त्यांचा आवाज रस्त्यापलीकडच्या सलूनपर्यंत पोचे, आणि तो सलूनवाला गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता म्हणे, "खिंडीची वाडी आज परत पडली वाटतं." पडलेले काम मी पुन्हा पाठवले, की मगच पुऱ्या झालेल्या कामांपुढच्या निळ्या खुणांची पाळी आणि त्यानंतर चहा. संध्याकाळी निघताना ते प्रत्येक टेबलाखाली वाकून बघत. कुणाचे सामान राहिले आहे का, याची इतक्या वर्षांची सवय. त्या तपासणीत माझी छत्री तीनदा सापडली, आणि तिन्ही वेळा चाचांनी ती ओळख पटवून घेतल्यावरच माझ्या हवाली केली.

आता ती सकाळ. त्या दिवशी पुण्याहून एक पाहुणे आले होते. मोठ्या कंपनीत संगणकाच्या कामावर असलेले, माझ्याहून वयाने लहान आणि मानाने मोठे. ते माझ्या टेबलापाशी बसले होते, आणि चाचा नेहमीसारखे टोपी सारखी करून समोर येऊन उभे राहिले. पाहुण्यांच्या ओठांवर बारीकसे हसू उमटले. मला चाचांची लाज वाटली. दुसरे काहीही कारण नव्हते, हे मी स्वतःला अनेक वेळा विचारून खात्री करून घेतले आहे. हा कार्यक्रम लवकर आटोपावा म्हणून मी नुसती यादी मागितली, अवस्था सांगितलीच नाही. यादी रिकामी आली. चालू काहीच नव्हते, एवढाच तिचा अर्थ होता.

"साहेब, पडलेली?" चाचांनी विचारले.

"काही नाही. सगळी पोचली," मी म्हणालो.

चाचांनी निळ्या पेन्सिलीने पान पुरे केले आणि ते चहा सांगायला गेले.

दहा-बारा दिवसांनी मार्गासनीत नकाशे वाटायची सभा झाली. वेल्ह्याकडच्या वाड्यांची माणसे टेम्पो करून आली होती. चाचा एकेका वाडीचे नाव पुकारत होते आणि आमच्या संस्थेच्या मॅडम नकाशा हातात देत होत्या. सगळे वाटून झाले, तेव्हा पुढच्या सतरंजीवर पाच वाड्यांची माणसे रिकाम्या हाताने बसलेली राहिली. त्यांतली एक आजी उठून चाचांपाशी आली.

"आमचं नाव न्हाई घेतलं, बाबा."

"घेतो की आजी. थांबा," म्हणून चाचांनी वही उघडली. त्या पाचही वाड्यांपुढे निळी खूण होती. चाचांनी गठ्ठा पुन्हा चाळला, पिशवी उलटी केली. आजी म्हणाली, "न्हाई तर न्हाई. पण आदीच सांगायचं व्हतं. आमी सकाळपास्नं बसलोय."

चाचांच्या चेहऱ्याकडे मला बघवले नाही. ती पाच कामे पाहुण्यांच्या त्या सकाळी बंद पडलेली असणार, हे माझ्या तत्क्षणी ध्यानात आले होते. मॅडमनी शांतपणे विचारले, "बंद पडलेल्या कामांची यादी त्या दिवशी वाचली नव्हती का?" चाचांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात संशय नव्हता. मला जे आठवत नाही ते साहेबांना आठवत असेल, एवढाच विश्वास होता. आणि मी म्हणालो, "वाचली होती."

परतीच्या जीपमध्ये चाचांनी वही पुन्हा पुन्हा उघडून ती पाच नावे पाहिली. भोर जवळ आल्यावर म्हणाले, "साहेब, तुमी नावं घेतली असतील. मलाच ऐकू आलं न्हाई. वय झालं. कान गेलं वाटतं."

त्या वेळी एक वाक्य पुरले असते. मी म्हणालो, "असेल."

ती पाच कामे मी दुसऱ्याच दिवशी पुन्हा पाठवली. नकाशे व्यवस्थित तयार झाले. चाचांनी ते कोणाच्या हाती पाठवले नाहीत, स्वतः एकेका वाडीवर चढून गेले, घरोघर माफी मागून आले. वाड्यांची तक्रार तिथे मिटली. नंतर एका सकाळी नोंदवही माझ्या टेबलावर नीट बंद करून ठेवलेली दिसली. मॅडमनी त्यांना निरोप पाठवला, तेव्हा उलट निरोप आला, की ज्याला ऐकू येत नाही त्याने यादी घेऊ नये.

मी आठ-पंधरा दिवसांत जाऊन सांगणार होतो. मग पुढच्या महिन्यात. सांगण्यासारखे वाक्य मी मनात इतके घडवले, घासले, सुबक केले, की शेवटी त्यात माझा दोष कुठे आहे हे शोधावे लागावे. दीड वर्ष असे गेले. मग आठवडेबाजारात चाचा दिसले. कानामागे एक जुनाट यंत्र, त्याची वायर खिशातल्या डबीपर्यंत. शेजारून मोटारसायकल गेली तसे ते दचकले आणि त्यांच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. मी ती उचलून दिली.

"थोरल्या भावाचं हाय," यंत्राला हात लावून ते म्हणाले. "तो गेल्यापास्नं डब्यात पडून व्हतं. म्हटलं, कुणाच्या तरी कामी यावं." आणि मग थोडे ओशाळून, "आता स्टँडवर जात न्हाई. इंजिन वळखू येत न्हाईत, साहेब. समदा एकच गोंगाट."

त्यानंतर तीन दिवस मला जेवण गोड लागले नाही. शुक्रवारी दुपारची नमाज आटोपून चाचा घरी आले असतील, असा अंदाज घेऊन मी त्यांच्या आळीत गेलो. चाची ओसरीवर तांदूळ निवडत होत्या.

"या की भाऊ. लई दिसांनी वाट वाकडी केली. ह्यांच्याशी जरा मोठ्यानं बोला, बरं का."

चाचा बाहेर आले, समोरच्या टोकाला बसले आणि यंत्राची कळ फिरवू लागले. ते शिट्टीसारखे वाजले. "कुकर लागला की काळीज फाटतंय," ते हसून म्हणाले, "पर माणसाचं बोलणं धड येत न्हाई. बोला."

"चाचा, ते यंत्र काढा."

"काढल्यावर काय ऐकू येणार?"

"काढून तर बघा."

त्यांनी ते काढले आणि तळहातावर धरले. मध्ये सगळी ओसरी होती. घडवलेले वाक्य मला आठवेना. मी जवळजवळ ओठांतल्या ओठांत म्हणालो, "त्या दिवशी मी पडलेली नावं घेतलीच नव्हती."

"काय म्हणले?" चाचींनी सुपावरून मान वर करून विचारले.

चाचांनी हात वर करून त्यांना थांबवले. ते माझ्याकडे बघत होते. "न्हाई घेतली?"

"नाही. मी ती यादी मागितलीच नव्हती. पाहुण्यांसमोर मला तुमची लाज वाटली. मार्गासनीत खोटं बोललो. आणि जीपमध्ये..."

"जीपमधी तुमी 'असेल' म्हणलात," चाचा म्हणाले. "ते मला नीट ऐकू आलं व्हतं."

त्यांनी यंत्राची वायर डबीभोवती गुंडाळली. रागावतील असे वाटले. रागावले असते तर मला सोपे गेले असते. मग त्यांनी चाचींकडे पाहिले. त्या सूप बाजूला ठेवून, काय चालले आहे ते न कळून, दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या.

"साहेब," चाचा म्हणाले, "दीड वरीस ही माझ्याशी वरडून बोलतीया. हिला बी ऐकू जाऊ द्या."

मी उभा राहिलो. शेजारच्या ओसरीवरचे बोलणे थांबले होते. आयुष्यात इतक्या मोठ्याने मी कधी बोललो नव्हतो.

"चाची, चाचांच्या कानांना काहीही झालेलं नाही. चूक माझी होती, आणि ती मी त्यांच्यावर राहू दिली. चाचा, मला माफ करा."