दुसरा प्रोटॉन

सर रोज वर्गात शिरण्याआधी दाराशी थांबून नवा खडू मधोमध मोडत. एक तुकडा खिशात, दुसरा बोटांत. मगच आत. त्यांची मुलगी सतरा वर्षांची असताना त्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायची. खडू मोडल्याचा तो आवाज झाल्याशिवाय ती वही उघडत नसे.

एके दिवशी सरांनी फळ्यावर दोन प्रोटॉन काढले. एक वेगाने येणारा, दुसरा स्थिर. दोघांवर सारखाच विद्युतभार, म्हणून एकमेकांना लोटणारे. जवळ येताना वेग घटतो, पण ऊर्जा हरवत नाही. ती त्या लोटण्यात साठत जाते.

"सगळी साठली की पहिला थांबतो," सर म्हणाले. "तेच सर्वांत कमी अंतर."

"पण दुसरा मागे सरकेल ना, बाबा?"

"वर्गात सर म्हणायचं. दुसरा जागचा हलत नाही."

"का? कोणी धरून ठेवलंय त्याला?"

वर्ग खदखदून हसला. सरांनी दाराकडे बोट दाखवलं.

व्हरांड्यात उभ्याउभ्या तिने गणित पुरं केलं. दुसरा मोकळा असेल तर सर्वांत जवळ आल्याच्या क्षणी दोघे एकाच वेगाने पुढे जात असतात. निम्मी ऊर्जा हालचालीतच राहते, निम्मीच साठते. म्हणजे अंतर सरांच्या उत्तराच्या दुप्पट. जेवताना तिने ते पान त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. सरांनी त्यावर पाण्याचा पेला ठेवला आणि जेवत राहिले.

त्या दिवसापासून अबोला. पुढे ती शिकायला परगावी गेली, तिथेच शिक्षिका झाली. "बाबांना सांग", "तिला विचार" असे निरोप नऊ वर्षं आईने पोचवले. मग आई गेली, आणि घरात निरोप न्यायलाही कोणी उरलं नाही.

आणखी दोन वर्षांनी सरांच्या हृदयाने दगा दिला तेव्हा ती दहा दिवसांची रजा काढून आली. परीक्षा तोंडावर होती. प्राचार्यांनी सरांचा वर्ग तिलाच घ्यायला सांगितला. पहिल्याच सकाळी ती इस्पितळात खाटेशी उभी राहिली.

"काय शिकवणार आज?" त्यांना धाप लागली होती.

"दोन प्रोटॉन."

त्यांनी हाताने उशीकडे खूण केली. "उशाखालची वही घे."

वहीत तिचंच पान चिकटवलेलं होतं. त्यावर पेल्याचा गोल डाग. खाली लाल शाईत 'बरोबर', आणि तारीख. त्याच दिवसाची.

"वर्गात का नाही सांगितलंत?"

"उद्या सांगू म्हटलं."

"अकरा वर्षं?"

"रोज म्हणायचो."

"मला एक फोन तरी करायचात."

"तू केला असतास तर..."

"तुम्ही केला असतात तर..."

दोघेही तिथेच थांबले.

तास तिने नीट घेतला. उत्तर फळ्यावर लिहून म्हणाली, "हे तुमच्या सरांनी तपासलेलं आहे." दुपारी ती परतली तर खाटेवरची चादर काढलेली होती. नर्सने सरांचा चष्मा तिच्या हातात दिला.

"काही बोलले का?"

नर्सने मान हलवली. नाही.

म्हणजे शेवटचं बोलणं झालं होतं ते सकाळचंच. ती दारापर्यंत गेल्यावर सरांनी हाक मारली होती. आता तरी तोंडाने 'बरोबर' म्हणतील, म्हणून ती झटकन वळली होती.

"आधी खडू मोडून घे," सर म्हणाले होते. "अख्खा फार किंचाळतो."