आठ माणसांचं बिट

लालबागची आमची चाळ खाडी बुजवून केलेल्या भरावावर उभी होती. खाली नुसता चिकट चिखल. चाळीचा नळ आटला तेव्हा आवारात बोअर मारायचं काम माझ्याच गळ्यात पडलं, कारण मी बोअरिंगच्या कामावर होतो. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. गिरण्या बंद, त्यामुळे पाइप फिरवायला हातांना तोटा नव्हता.

पहिल्या दिवशी अर्धं भोक झालं आणि दुसऱ्या सकाळी जमावबंदी लागली. पाच माणसं एकत्र दिसली की पोलीस उचलत होते, अगदी चाळीच्या आवारातूनही.

काम सोडावं तर भोक मिटणार. माझ्यापाशी दोन बिटं होती, म्हणजे पाइपच्या टोकाला बसवायची जमीन कापणारी पाती. अरुंद बिट चौघांनी फिरलं असतं, पण ते दगडासाठी. मऊ जमिनीत त्याच्यामागे माती मिटत येते आणि पाइप आवळते. तिथे रुंद पात्याचंच बिट हवं आणि त्याला आठ माणसं लागतात.

“चौघांचाच लाव रे,” आई म्हणाली. “मोठ्याक ह्यात घेव नको.”

मोठा म्हणजे माझा दादा. मोर्च्यात पकडलेला तो आदल्याच दिवशी कोठडीतून सुटला होता. पुन्हा सापडला तर गिरणीत पाऊल ठेवायचं नाही, असं मुकादमाने बजावलं होतं. आईचं खरं होतं, म्हणूनच माझं डोकं फिरलं.

“बिट काय तुला विचारून लावू?” मी खेकसलो आणि रुंद बिट लावलं. पाइपला आडवे जोडलेल्या दांड्यांपैकी पहिला दादानेच धरला.

आठजण दांडे ढकलत गोल फिरू लागले. जरा थांबलं की चिखल पातं धरून बसतो, म्हणून दम घ्यायचीही सोय नव्हती. दुपारी फाटकाजवळून पोलिसांची शिट्टी आली. सातजण पांगले. दादा हलेना. एकट्याने पाइप तसूभर फिरत नव्हता, तरी तो ढकलतच होता.

आई पदर खोचून आली. तिने त्याचे हात दांड्यावरून सोडवले.

“घेवन जा ह्येका वर!” ती माझ्यावर ओरडली.

तिच्यामागून बाकीच्या बायका आल्या. पाइप फिरू लागला. मी दादाला ओढत जिन्यापर्यंत नेलं.

“पाचांच्या वर आहात,” आत आलेला फौजदार म्हणाला. एकही बाई थांबली नाही. त्याने पुढच्या दांड्यावरच्या आईला धरून गाडीकडे चालवलं.

“फिरवत ऱ्हवा गो, थांबू नकात!” ती जाताजाता ओरडली.

दादा झेपावला. मी त्याच्या कमरेला मिठी घातली. तो मला बुक्क्या मारत होता, मी रडत होतो. गाडी नाक्यावरून वळेपर्यंत मी त्याला सोडलं नाही.