आडनाव नसलेल्या माणसाचं मानधन

परदेशात पैसे पाठवायचं काम आमच्या विभागात माझ्याकडे आहे, आणि ते मी कुणाला देत नाही. रजेवर जायचं असलं तरी सांगून ठेवते, थांबा, मी आल्यावर बघते. लोक म्हणतात, हिला भारी हौस. आहेच मला हौस. कासारवाडीच्या दोन खोल्यांत वाढलेल्या बाईने भरलेल्या फॉर्मवर पैसे जपानला जातात, पोर्तुगालला जातात, तिथला माणूस ‘मिळाले’ म्हणून कळवतो. याची हौस नाही वाटायची तर कशाची वाटायची?

आमचा विभाग पर्यावरणशास्त्राचा. मागे एक मुलगी आमच्याकडे पीएचडी करत होती, नदीच्या गाळावर. गाळात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं, आणि त्याच्या जाती ओळखता आल्या की पाणी किती बिघडलंय ते कळतं. पण जाती ओळखणारी माणसं जगात मोजकीच. तिला एक सापडला तो इंडोनेशियातल्या बांडुंगचा, निवृत्त शिक्षक. कित्येक महिने तो व्हिडिओ कॉलवर बसून तिने पाठवलेला एकेक फोटो बघायचा, ही जात कोणती, ती कशी नाही, हे समजावून सांगायचा. आमच्या मॅडमनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, त्याला प्रकल्पाच्या निधीतून मानधन कबूल केलं होतं. प्रकल्प मार्च एंडला संपणार होता. त्यानंतर उरलेली रक्कम आल्या वाटेने परत जाते.

फेब्रुवारी सरताना कागद माझ्या टेबलावर आले. मी विद्यापीठाच्या पोर्टलवर फॉर्म उघडला. नाव भरलं. आडनावाच्या रकान्यापुढे लाल तारा होता, म्हणजे तो भरल्याशिवाय सुटका नाही. आणि या माणसाला आडनावच नव्हतं. पासबुकावर एकच शब्द, पासपोर्टवरही तोच. तिकडे पुष्कळांचं असंच असतं म्हणे. आमच्याकडे मात्र जन्मल्याबरोबर माणसाच्या नावामागे बाप आणि बापामागे आडनाव लागतं, त्यामुळे सगळा विभाग माझ्या टेबलाभोवती जमला.

आमचे शिपाई मामा पुनावळ्याचे, जुन्या गावकीतले. ते म्हणाले, “आडनाव न्हाई? मग त्याच्या गावाचं नाव घ्या आन् म्होरं कर लावा. हाय काय आन् न्हाई काय!”

तेव्हापासून तो माणूस आमच्या विभागात बांडुंगकर झाला. आजही त्याला आम्ही तेच म्हणतो. पण फॉर्मवर बांडुंगकर घालता येत नव्हतं, म्हणून मॅडम म्हणाल्या, “वडिलांचं नाव विचारून घ्या ना.” आम्हा सगळ्यांना ते पटलं. पटणारच. मराठी माणसाला अडचणीत बाप आठवतोच. मेल गेली. त्याने बिचाऱ्याने लगेच वडिलांचं नाव कळवलं, शिवाय ते मासेमारीच्या होड्या दुरुस्त करायचे हेही आवर्जून लिहिलं. मी ते नाव आडनावाच्या रकान्यात घातलं, पोर्टल खूश झालं, पैसे गेले.

मार्चचा शेवटचा आठवडा लागला आणि मला बँकेतून फोन आला. परदेशी व्यवहार बघणारे तिथले अधिकारी नेहमी हसून बोलतात.

“मॅडम, तुमचे पैसे फिरून आले. नाव जुळत नाही म्हणून तिकडच्या बँकेने परत केलेत. खातं एकट्याचं आहे, आणि तुम्ही त्याच्या वडिलांनाही सोबत पाठवलंत.”

मला हसू आलं नाही. पोर्टलवर पुन्हा बसले. आडनाव कोरं ठेवलं तर तारा पुढे सरकू देईना. कॉम्प्युटरचं बघणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, एक टिंब टाका. टिंबामुळे पैसे पुन्हा परत आले असते तर तिसऱ्यांदा पाठवायला वेळच नव्हता. वित्त विभागात फोन लावला. पलीकडून आवाज आला, “आता मार्च एंडच्या गडबडीत कुठे? पुढच्या वर्षी बघू.”

पुढच्या वर्षी निधीच नसणार, हे त्यालाही माहीत होतं. बघू म्हणजे बुडाले.

माझे वडील चाकणला ठेकेदाराकडे होते. ठेकेदार ओव्हरटाइम करून घ्यायचा आणि पैसे मागितले की म्हणायचा, ‘बघू की राव पुढच्या महिन्यात.’ वडील कधी भांडले नाहीत. घरी येऊन गप्प जेवायचे. त्यांचं ते गप्प जेवणं मला अजून सहन होत नाही. त्यामुळे ‘बघू’ हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं, समोर कोण आहे ते मी बघत नाही.

पीएचडीची ती मुलगी दुपारी माझ्याकडे आली. तिने त्या माणसाला घडलेलं कळवलं होतं. त्याचं उत्तर आलं होतं, काही घाई नाही, तुम्ही त्रास करून घेऊ नका. ती म्हणाली, “ताई, मी माझ्या फेलोशिपमधून देऊ का? मला लाज वाटते हो. इतके महिने राबला तो माझ्यासाठी.”

“तुझ्या खिशातून गेले तर ती तुझी परतफेड झाली,” मी म्हणाले. “मानधन म्हणतात त्याला. मान विभागाने कबूल केलाय, विभागच देणार. चल.”

आम्ही दोघी वित्त अधिकाऱ्यांच्या केबिनबाहेर जाऊन बसलो. साहेब लातूरकडचे, स्वभावाने शांत. एकदा त्यांनी नाही म्हणून परत पाठवलं, तरी तासाभराने आम्ही पुन्हा आत गेलो. फायलींच्या ढिगाऱ्यातून वर बघत ते म्हणाले, “तुम्ही अजून इथंच बसून राहायलाव का? सांगितलं ना, आडनावाशिवाय पेमेंट नियमात बसत नाही.”

“साहेब, कुठल्या नियमात? तो सॉफ्टवेअरमधला तारा आहे, नियम नाही. बँक कागदावरचा अर्ज घेते. तुमच्या सहीचं पत्र हवं, की या माणसाचं पूर्ण नाव एवढंच आहे.”

माझा आवाज चढला होता. मुलीने माझी ओढणी मागून ओढली. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ते मुलीकडे वळून म्हणाले, “काम पूर्ण केलंय का त्यांनी?”

“हो सर. सगळं. माझा अर्धा प्रबंध त्यांच्यामुळे आहे.”

साहेबांनी समोरची फाईल बाजूला सारली. मग म्हणाले, “माझ्या आजीच्या रेशनकार्डावर नुसतं नावच होतं. मागं-पुढं काही नव्हतं. साखर मिळायलीच होती की तिला.” त्यांनी पत्र स्वतः टाइप करून घेतलं, सही केली, शिक्का मारला आणि आमच्या समोरच बँकेत फोन लावला. “आमची माणसं निघालीत. आजच्या आज पाठवा.” आमची माणसं म्हणाले ते. मी केबिनमधून निघाले ती ताठ मानेने.

मुलीच्या स्कूटरवर मागे बसून मी चिंचवडला गेले. हायवेला कंटेनर अंगावर येत होते आणि मी कागदांची पिशवी पोटाशी धरली होती. बँकेतल्या हसऱ्या अधिकाऱ्यांनी त्या दिवशी चेष्टा केली नाही. पत्र वाचलं, खात्याचा नंबर दोनदा ताडून पाहिला आणि लाभार्थीच्या नावापुढे एकच शब्द टाइप केला. स्क्रीन आमच्याकडे वळवून म्हणाले, “बघून घ्या.” तो एकटा शब्द तिथे नीट दिसत होता. त्याच्या मागेपुढे काही कमी आहे असं मला मुळीच वाटलं नाही.

मार्च संपायच्या आधी बांडुंगकरची मेल आली. मुलगी धावत माझ्या टेबलाशी आली आणि तिला वाचवेना, म्हणून मी वाचली. मोठ्याने वाचली, मॅडमना आणि मामांना ऐकू जाईल अशी. त्याने लिहिलं होतं, पैसे मिळाले, माझ्या नावाने मिळाले. आजवर अनेक देशांतून लोकांनी मला फोटो पाठवले, मी सगळ्यांना जाती ओळखून दिल्या, सगळ्यांनी आभार मानले. कामाचे पैसे मात्र कुणी पहिल्यांदाच पाठवले आहेत.

मी वाचायची थांबले आणि ती ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचली. मामा म्हणाले, “काय झालं ओ ताई, पैसं कमी पडलं का?”

“नाही मामा,” मी म्हणाले. “आपण पहिले आहोत.”